लष्करी सरावातला ‘संगणकी शत्रू’ कसा घडवतात?

व्हॉट्सअॅपवर दर काही वर्षांनी एक किस्सा फिरतो. ऑस्ट्रेलियन सैन्याच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरमध्ये म्हणे कांगारूंचा कळप टाकला होता. पाहुण्या अमेरिकन वैमानिकांनी गंमत म्हणून कळपाच्या अगदी जवळून हेलिकॉप्टर नेलं. कांगारू पांगले, टेकडीआड गेले आणि तिथून त्यांनी हेलिकॉप्टरवर चक्क स्टिंगर क्षेपणास्त्रं डागली!

फॉरवर्डमध्ये मीठमसाला आहे, पण गोष्ट बिनबुडाची नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण संशोधन संस्थेत असे कांगारू खरंच बनवले होते. कांगारूसाठी सगळं नव्याने लिहायला वेळ कुणाला? म्हणून पायदळाच्या जवानांसाठी लिहिलेला प्रोग्राम उचलला, वरचं चित्र बदललं, चाल बदलली. चाचणीत हेलिकॉप्टर जवळ येताच कांगारू पांगले आणि त्यांनी मारा केला, हे खरं. मात्र समोर पाहुणे वैमानिक नव्हते, बनवणारेच चाचणी घेत होते. आणि डागलं ते क्षेपणास्त्रही नव्हतं. कांगारूच्या हातात शस्त्र कोणतं हे कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून सॉफ्टवेअरने ‘काहीच सांगितलं नसेल तर हे वापर’ म्हणून ठेवलेली वस्तू वापरली. ती होती एक मोठा रंगीबेरंगी चेंडू.

हसून झालं की यातला मुद्दा बघा. कांगारूचं रूप, त्याची हालचाल आणि धोका दिसल्यावर काय करायचं याचा निर्णय, या तीन गोष्टी त्या सॉफ्टवेअरमध्ये पुरेशा वेगळ्या नव्हत्या. रूप बदललं, पण आत जवानच राहिला. सॉफ्टवेअरचे भाग कसे पाडायचे, कोणता भाग कुणाशी आणि काय बोलणार, याच्या आखणीला सॉफ्टवेअर आर्किटेक्चर म्हणतात. घराच्या नकाशासारखंच ते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामध्ये भिंत आधी घातली नाही, तर राहायला आल्यावर घालणं महागात पडतं.

लष्करी सरावाच्या सिम्युलेशनमध्ये संगणकच चालवतो अशा सैनिकांना, रणगाड्यांना, विमानांना, आणि हो, नागरिकांनाही इंग्रजीत ‘कॉम्प्युटर जनरेटेड फोर्सेस’ म्हणतात. आपण त्याला संगणकी सैन्य म्हणू. व्हिडिओ गेममधल्या शत्रूचा हा भाऊच, पण त्याच्यावरची जबाबदारी निराळी आहे. गेममधल्या शत्रूने तुमची करमणूक केली की काम झालं. सरावातल्या शत्रूकडून शिकलेली सवय जवान खऱ्या मैदानात घेऊन जातो. शत्रू चुकीचा वागला तर सवयही चुकीची लागते, आणि ती चूक सरावात कुणाच्या लक्षात येईलच असं नाही.

एवढा खटाटोप कशाला?

साधा हिशोब करा. रणगाड्यांच्या एका तुकडीला तीस शत्रू रणगाड्यांशी लढण्याचा सराव द्यायचा आहे. एका रणगाड्यात तीन माणसं धरली तरी नुसता शत्रू उभा करायला नव्वद माणसं आणि तीस सिम्युलेटर लागतील. त्या नव्वद जणांचं शिक्षण काय? ते दिवसभर हरण्याचा अभिनय करणार.

हा पेच अमेरिकेत १९८० च्या दशकातच समोर आला. १९८३ मध्ये तिथे ‘सिमनेट’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. वेगवेगळ्या ठिकाणचे रणगाड्यांचे सिम्युलेटर नेटवर्कने जोडून सगळ्यांना एकाच आभासी मैदानावर आणायचं, ही त्यामागची कल्पना. मैदान तयार झालं, पण शत्रू म्हणून बसायला माणसं पुरेनात. मग ‘अर्धस्वयंचलित सैन्य’ आलं. एक माणूस पडद्यासमोर बसून ‘ही तुकडी त्या टेकडीवर ने’ एवढंच सांगतो. रस्ता शोधणं, रांग धरणं, समोर कुणी दिसलं तर गोळी झाडणं हे संगणक बघतो.

आपल्या राज्यात तोफखान्याचं शिक्षण नाशिकजवळ देवळालीला आणि रणगाडा दलाचं अहिल्यानगरला होतं. तोफेचा खरा गोळा एकदा गेला की गेला. रणगाड्याचं इंधन, पट्ट्यांची झीज, गोळीबाराच्या मैदानासाठी लागणारी मोकळी जमीन, सगळंच महाग. सप्टेंबर २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिन्ही दलांत सिम्युलेटरचा वापर वाढवण्यासाठी एक धोरणात्मक चौकट जाहीर केली. जास्तीत जास्त शिक्षण सिम्युलेटरवर व्हावं, म्हणजे खर्च वाचेल आणि धोका कमी होईल, असा तिचा रोख आहे. रोख योग्यच आहे. पण सिम्युलेटर म्हणजे फक्त पडदा, खुर्ची आणि कळा नव्हेत. समोरचा शत्रू कसा वागतो, यावर त्या सगळ्या खर्चाचं चीज अवलंबून असतं.

एसटी कुठे पोचली असेल?

आधी मैदानाचं बघू. पन्नास सिम्युलेटर आणि पाचशे संगणकी घटक एकाच नेटवर्कवर आहेत. प्रत्येकाने आपण कुठे आहोत हे सेकंदाला तीस वेळा सगळ्यांना सांगायचं ठरवलं तर नेटवर्क गुदमरेल.

यावरचा उपाय एसटीने प्रवास करणाऱ्याला नवा नाही. खामगावहून दहा वाजता सुटलेली गाडी ताशी चाळीस किलोमीटरच्या बेताने जातेय हे माहीत असेल, तर साडेदहाला ती नांदुऱ्याच्या आसपास असणार, हे फोन न करताही कळतं. गाडी पंक्चर झाली किंवा भलत्याच रस्त्याला लागली, तरच फोन करायचा. सिमनेटने नेमकं हेच केलं. प्रत्येक रणगाडा आपली जागा, वेग आणि दिशा एकदा सांगतो. बाकीचे सगळे त्यावरून तो पुढे कुठे असेल याचा अंदाज चालू ठेवतात. स्वतः तो रणगाडाही ‘बाकीचे माझ्याबद्दल काय समजत असतील’ हे मोजत राहतो, आणि तो अंदाज आपल्या खऱ्या जागेपासून ठराविक मर्यादेपलीकडे ढळला की नवा संदेश पाठवतो. यातूनच पुढे १९९३ मध्ये ‘डीआयएस’ हे प्रमाणक आलं. वेगवेगळ्या प्रकारची सिम्युलेशन एकत्र चालवण्यासाठीचं ‘एचएलए’ हे प्रमाणक २००० मध्ये आयईईई या संस्थेने स्वीकारलं.

डीआयएसमधली आणखी एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. गोळी झाडणारा फक्त ‘मी झाडली, इथे लागली’ एवढंच जाहीर करतो. नुकसान किती झालं हे ज्याला लागली तो ठरवतो. कारण आपल्या चिलखताची जाडी, कोन आणि उरलेला दारूगोळा यांची नेमकी माहिती त्याच्याचकडे असते. खेळात पोरं ‘तू आउट’, ‘नाही, मी नाही’ म्हणून भांडतात. इथे आउट झालो की नाही हे ठरवायचा अधिकार ज्याच्या त्याच्याकडे दिलाय, आणि सॉफ्टवेअर प्रामाणिक असल्याने ते चालतं.

तुरीच्या शेतातला माणूस

आता मुख्य अडचण. संगणकी शत्रूला सगळं माहीत असतं. मैदान त्याच्याच पोटात आहे. तुमचा रणगाडा कोणत्या टेकडीमागे लपलाय, तुमच्याकडे किती गोळे उरलेत, हे सगळे आकडे मेमरीत एकाच ठिकाणी पडलेले असतात. निर्णय घेणाऱ्या भागाने ते थेट वाचले, तर तो शत्रू अंतर्यामी होतो. मग लपण्यात, धूर सोडण्यात, हुलकावणी देण्यात अर्थच उरत नाही. आणि जवान शिकतो काय? लपून काही उपयोग नाही. अशी शिकवण घेऊन कुणी सीमेवर गेला, तर परिणाम सांगायला नको.

म्हणून चांगल्या रचनेत संगणकी सैनिकाचे निदान तीन तुकडे करतात. एक शरीर: वेग, वजन, इंधन, जखम. दुसरं इंद्रियं: काय दिसतं, काय ऐकू येतं, बिनतारी संचावर काय कळतं. तिसरं डोकं: यावरून करायचं काय. डोक्याला खऱ्या मैदानाकडे बघायची परवानगीच नसते. इंद्रियांनी जे पोचवलं त्यावर उभं केलेलं त्याचं स्वतःचं एक चित्र असतं, अपुरं आणि कधीकधी चुकीचंही. शत्रूला रणगाडा टेकडीमागे जाताना दिसला, पण पुढे तो डावीकडे वळला हे दिसलं नाही, तर त्याच्या चित्रात तो अजून टेकडीमागेच असला पाहिजे. शत्रूच्या हातून चूक होऊ शकली पाहिजे, ही इथे अट आहे.

ही भिंत कागदावर सोपी वाटते. प्रत्यक्षात ती महाग पडते, कारण कुणाला काय दिसतं हे मोजणं हे या सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत जड काम. पाचशे घटक असतील तर प्रत्येकाने उरलेल्या ४९९ जणांकडे बघायचं, म्हणजे जवळपास अडीच लाख नजरा. प्रत्येक नजरेच्या वाटेत टेकडी, घर, झाड येतं का हे तपासायचं, आणि हे सतत करत राहायचं. वेळ वाचवायला मग वाटा काढल्या जातात: लांबच्यांकडे बघूच नका, पाठीमागच्यांना सोडून द्या, दर सेकंदाला न तपासता दोन सेकंदांनी तपासा. प्रत्येक काटकसरीबरोबर शत्रूचं वागणं थोडं बदलतं, आणि तो बदल सरावाला चालणारा आहे का, हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं.

वऱ्हाडातलं उदाहरण घ्या. डिसेंबरात तूर उभी असते तेव्हा शेतात शिरलेला माणूस बांधावरून दिसत नाही. समजा, जवानाच्या पडद्यावर तूर छान डोलतेय, तो तिच्यात दडून बसलाय. पण शत्रूचा प्रोग्राम जो नकाशा वापरतो त्यात त्या जागी नुसती सपाट जमीन आहे, कारण पिकं दाखवायचं काम चित्रांच्या विभागाने केलं आणि नजरेचा हिशोब दुसऱ्या विभागाने. जवान दिसेनासा झाल्याच्या भ्रमात, शत्रू त्याला उघड्यावर बघतोय. दोन्ही बाजूंना एकच जमीन सारखीच दिसणं, म्हणजे लढत बरोबरीची असणं, हा अशा यंत्रणांचा जुना आणि चिवट प्रश्न आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम्युलेटर एकत्र जोडले की तो हमखास डोकं वर काढतो.

अडगावचा प्रश्न

खामगावच्या ईशान्येला, अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तिथे नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

इंग्रजी फौज गावातून पुढे आली तसा मराठ्यांच्या तोफांनी मारा सुरू केला. तोफा ओढणारे बैल बिथरले आणि मागच्या पायदळात घुसले. जवळजवळ तीन पलटणी मोडून पळाल्या. ही तीच माणसं होती जी दोनच महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबरला, असईच्या लढाईत याहून कितीतरी भयंकर तोफमाऱ्यापुढे न डगमगता चालून गेली होती. वेलस्ली स्वतः चकित झाला आणि आपल्या पत्रातही त्याने हे आश्चर्य लिहून ठेवलं. त्याने घोडा पुढे घालून पळणाऱ्यांना थोपवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग त्यांना गावाच्या आडोशाला घेऊन पुन्हा रांगा लावल्या आणि स्वतः पुढे राहून आणलं. संध्याकाळपर्यंत लढाई इंग्रजांनी जिंकली होती.

इतिहासात हा परिच्छेदभर मजकूर आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यासाठी मात्र ही डोकेदुखी आहे. तीच माणसं, तीच कवायत, तेच अधिकारी, मारा त्या मानाने कमी, आणि वागणं अगदी उलट. ‘तीस टक्के माणसं पडली की तुकडी माघार घेते’ असा एक नियम लिहून टाकला तर अडगावही चुकतं आणि असईही. म्हणून काही यंत्रणांत डोक्याच्या भागाला लागून आणखी एक थर ठेवतात: थकवा, भीती, शेजारच्याचं वागणं, अधिकारी नजरेत आहे की नाही. हे आकडे निर्णयावर परिणाम करतात, पण निर्णय स्वतः घेत नाहीत. थर वेगळा ठेवण्याचा फायदा असा, की प्रशिक्षक तेवढाच भाग बदलून एकाच सरावात आज कसलेली पलटण आणि उद्या नवखी पलटण समोर उभी करू शकतो. त्या थरात आकडे कोणते भरायचे, हा वेगळाच वाद आहे. रणगाड्याचा वेग मोजता येतो. घाबरण्याचा वेग कोण मोजणार?

सगळे थांबले, कारण कुणी सांगितलंच नाही

एकेकटा सैनिक नीट वागला तरी तुकडी नीट वागेलच असं नाही. हे सर्वांत स्पष्टपणे दाखवून दिलं ते मिलिंद तांबे या संगणकशास्त्रज्ञाने. तांबे पिलानीच्या बिट्समध्ये शिकले, अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातून त्यांनी पीएचडी केली आणि १९९० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात लष्करी सिम्युलेशनसाठी आभासी वैमानिक बनवणाऱ्या गटात काम केलं.

हे वैमानिक ‘सोअर’ नावाच्या पद्धतीवर चालत. त्याआधीच्या बऱ्याच यंत्रणा अवस्थांच्या तक्त्यावर चालायच्या: पहारा, संशय, गोळीबार, माघार, आणि कोणत्या कारणाने एकातून दुसरीत जायचं याच्या रेघा. चार अवस्थांना हे सुटसुटीत आहे. वीस अवस्था झाल्या की त्यांच्यातल्या संभाव्य रेघा ३८० होतात आणि तक्ता कुणालाच वाचता येत नाही. सोअरमध्ये रेघांऐवजी उद्दिष्टं आणि नियम असतात. ‘शत्रूचं विमान अडवायचं आहे’ हे उद्दिष्ट. त्याच्या पोटात ‘जवळ जा’, त्याच्या पोटात ‘या दिशेला वळ’. ऑक्टोबर १९९७ मध्ये झालेल्या एका मोठ्या सरावात याच पद्धतीच्या वैमानिकांनी ४८ तासांत सातशेहून जास्त मोहिमा उडवल्या. त्यांच्या डोक्यात पाच हजारांवर नियम होते.

तांब्यांच्या वाट्याला हेलिकॉप्टरांची तुकडी आली होती. बेत असा: सगळ्यांनी एका ठिकाणी थांबायचं. टेहळणीवालं हेलिकॉप्टर पुढे जाऊन बघून येईल आणि ‘या’ म्हणून संदेश पाठवेल, मग बाकीचे निघतील. प्रत्येक हेलिकॉप्टरला आपलं काम चोख येत होतं. एका सरावात टेहळणीवालं हेलिकॉप्टर डोंगराला धडकून पडलं. मागे थांबलेली सगळी तुकडी संदेशाची वाट बघत राहिली. बघतच राहिली. नियमात लिहिलं होतं, संदेश येईपर्यंत थांबा. संदेश पाठवणाराच उरला नाही तर काय, हे कुणी लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या एका खेपेला मोहीम फत्ते झाली. नायक हेलिकॉप्टरला ते कळलं, त्याने हेलिकॉप्टर वळवलं आणि तळावर परतलं. साथीदारांना सांगणं त्याच्या कोणत्याच नियमात बसलं नाही. ते बिचारे तिथेच लढाईच्या जागी राहिले.

आता अशा प्रत्येक चुकीसाठी एकेक नियम जोडता येतो. सुरुवातीला तसं केलंही गेलं. पण असे नियम संपत नाहीत, कारण मैदानावर बिघडण्याच्या तऱ्हा संपत नाहीत. तांब्यांनी मग रचनाच बदलली. त्यांच्या ‘स्टीम’ या पद्धतीत ‘माझं काम’ आणि ‘आपलं काम’ हे दोन वेगळे खाने केले. ‘आपलं काम’ या खान्यातली गोष्ट कुणाही एकाला परस्पर सोडता येत नाही. ती पूर्ण झाली, अशक्य झाली किंवा निरर्थक झाली असं कुणालाही कळलं, तर आधी बाकीच्यांना सांगायचं आणि मगच सोडायची. शिवाय एखाद्याच्या पडण्याने सगळ्यांचं काम अडत असेल, तर त्याची भूमिका दुसऱ्या कुणीतरी उचलायची. टेहळणीवालं पडलं हे कळलं की उरलेल्यांपैकी एक टेहळणीला जातं.

हे नियम हेलिकॉप्टरांबद्दल नव्हतेच. ते एकत्र काम करण्याबद्दल होते, म्हणून तोच भाग उचलून वाहतुकीच्या मोहिमेला आणि पुढे रोबोंच्या फुटबॉलच्या आभासी संघालाही बसवता आला. कांगारूंच्या किश्शात उचलून आणलेल्या भागाने घोळ घातला. इथे उचलून आणलेला भाग कामाला आला, कारण त्यात नेमकं काय आहे आणि काय नाही, हे आधी ठरवलेलं होतं. मात्र सतत बोलणंही परवडत नाही. रणांगणावर बिनतारी संदेश शत्रूही ऐकतो. म्हणून सांगण्याची किंमत किती आणि न सांगितल्याने होणारं नुकसान किती, याचा हिशोब करून तोंड उघडायचं की नाही हे स्टीम ठरवत असे.

तांबे पुढे विमानतळांवरच्या सुरक्षेच्या गस्तीकडे आणि वन्यजीव रक्षणाकडे वळले. अलीकडच्या काळात मुंबईच्या ‘अरमान’ या संस्थेबरोबर, गरोदर महिलांसाठीच्या आरोग्य-संदेशांच्या उपक्रमात कुणाला फोन करून पाठपुरावा करायचा हे ठरवणाऱ्या कामात ते होते. विषय दूरचे वाटतात, पण माणसं आणि वेळ मोजकी असताना कुणी कुठे जायचं, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

गर्दी मोजायची की माणसं?

संगणकी सैन्यात नागरिकही येतात म्हटलं. गावात शिरलेल्या दहशतवाद्यांचा शोध असो की पुरात अडकलेल्यांची सुटका, रस्त्यावर माणसं नसतील तर सराव खोटा होतो.

आषाढी वारीहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावला निघते तेव्हा हजारो माणसं सोबत चालतात. ही गर्दी आभासी मैदानात उभी करायची असेल तर? प्रत्येक वारकऱ्याला स्वतःचे डोळे आणि डोकं दिलं, तर संगणक बसेल. सगळ्यांना मिळून पाण्याच्या प्रवाहासारखं वाहू दिलं, तर रस्त्यात उभ्या राहिलेल्या रुग्णवाहिकेला वाट करून देणारा माणूस दिसणार नाही. म्हणून लांबून गर्दी हा एकच घटक ठेवतात, आणि प्रशिक्षणार्थी जवळ आला की तेवढ्या भागातली माणसं सुटी करतात. तो पुढे गेला की पुन्हा एकत्र. फौजांचंही तसंच. शंभर किलोमीटरवरची पलटण नकाशावरचा एक ठिपका असते, नजरेच्या टप्प्यात आली की एकेक जवान.

खरी मेख जोडताना लागते. सुटे करताना दोन जखमी झाले आणि एक गाडी बिघडली, मग पुन्हा ठिपका केला. दहा मिनिटांनी परत सुटे केले तर ते जखमी कुठे गेले? नोंद ठेवली नसेल तर पलटण आपोआप बरी होते. अशा जादूचा पत्ता हुशार प्रशिक्षणार्थ्याला लवकर लागतो आणि मग तो शत्रूशी लढायचं सोडून सॉफ्टवेअरशी लढायला लागतो.

स्वतः शिकणारा शत्रू आला तर?

हा प्रश्न हल्ली सगळेच विचारतात. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत एका आभासी हवाई झुंजीत स्वतः सराव करून शिकलेल्या प्रोग्रामने एफ-१६ च्या अनुभवी वैमानिकाला ५-० ने हरवलं. बातमी जगभर फिरली. कमी फिरला तो तपशील असा, की त्या प्रोग्रामला समोरचं विमान कुठे आहे याची अचूक माहिती सतत मिळत होती. तुरीच्या शेतातला प्रश्न त्याला नव्हताच. शिवाय तो समोरासमोर अंगावर जाऊन गोळीबार करायचा, जे खऱ्या सरावात धडकेच्या भीतीने वैमानिकांना मनाई असतं.

जिंकणारा शत्रू आणि शिकवणारा शत्रू यांत फरक आहे. सराव संपल्यावर प्रशिक्षक सगळ्यांना बसवून झालेली लढाई पुन्हा चालवून दाखवतो. ‘इथे शत्रू डावीकडून का आला?’ असं कुणी विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. नियमांवर चालणाऱ्या सैन्यात ते नोंदवहीत सापडतं: ओढ्यात धूळ दिसली, तिथे कुणी असावं असा अंदाज केला, म्हणून वळला. स्वतः शिकलेल्या प्रोग्रामकडे असं उत्तर बहुतेक वेळा नसतं. त्यामुळे मधली वाट अशी निघते, की विमान वळवणं, नेम धरणं अशी हाताची कामं शिकलेल्या प्रोग्रामकडे द्यायची आणि बेत आखण्याचं काम वाचता येण्याजोग्या नियमांकडे ठेवायचं. शरीर आणि डोकं यांच्यातली भिंत आधी घातली असेल, तरच हे जमतं. नशिबाचा भागही नोंदवावा लागतो. गोळी लागली की नाही हे संगणक मनातल्या मनात फासा टाकून ठरवतो. त्या फाशांची सुरुवात कुठून केली तो आकडा जपून ठेवला नाही, तर तीच लढाई दुसऱ्यांदा चालवता येत नाही.

आणि हे सगळं बरोबर जमलंय हे कळणार कसं? एक मार्ग म्हणजे घडून गेलेली लढाई पुन्हा उभी करणं. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात इराकच्या वाळवंटात अमेरिकन आणि इराकी रणगाड्यांची जी गाठ पडली, ती ‘७३ ईस्टिंग’ म्हणून ओळखली जाते. युद्धानंतर संशोधकांनी लढलेल्यांच्या मुलाखती घेतल्या, मैदानावरच्या खुणा तपासल्या आणि ती चकमक मिनिटामिनिटाने संगणकात बसवली. नंतर काहींनी ती गोष्टी बदलून पुन्हा चालवली: अमेरिकनांकडे अंधारात आणि धुळीत बघणारी यंत्रं नसती तर, इराकींनी मोर्चे नीट खणले असते तर. आकडे लगेच बदलले, अमेरिकनांचं नुकसान वाढलं.

अडगावची लढाई कुणी अशी बसवायला घेतली, तर तोफांचा पल्ला आणि पायदळाचा वेग जुन्या नोंदींत मिळेल. बैलांसाठी मात्र नवा प्रोग्राम लिहावा लागेल. तो पायदळाच्या जवानावरून उचललेला नसावा, एवढं त्या कांगारूवाल्यांनी सांगून ठेवलंय.